देवीकडे श्वास मागू की आवाज?

देवीसमोर हात जोडून उभी होते, पण काय मागावं तेच कळत नव्हतं. थायरॉईडच्या ऑपरेशननंतर माझे दोन्ही स्वरतंतू लुळे पडले आणि एकमेकांना चिकटल्यासारखे मधोमध राहिले. आवाज होता, श्वासाची वाट मात्र बारीक झाली होती. धारगळच्या आमच्या घराच्या चार पायऱ्या चढले तरी गळ्यातून शिट्टी वाजायची. डॉक्टर म्हणाले, "लेझरने एका तंतूचा थोडा भाग कापू, श्वास मोकळा होईल. पण आवाज कमी होईल."

"किती?"

"ते आधी सांगता येत नाही."

आमच्या देवळात बायकांच्या भजनात पहिलं पद मी उचलायची, लग्न होऊन आल्यापासून. तेवढंच माझं म्हणावं असं काही होतं. नवऱ्याला विचारलं तर म्हणाले, "तुका बरां दिसता तसां कर." त्यामुळे मी आणखीच गोंधळले.

म्हणून देवीचा कौल घ्यायला, प्रसाद लावायला गेले. भटजींनी गाऱ्हाणं घालून देवीच्या अंगावर दोन पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर ऑपरेशन करायचं, डावी पडली तर नाही. बराच वेळ गेला, एकही हलली नाही. मला धाप लागली, तशी बाहेर येऊन पायरीवर बसले.

शेजारी ओटी घेऊन आलेली एक अनोळखी बाई होती. सावंतवाडीकडची, डिचोलीत मजुरी करणारी. माझी शिट्टी ऐकून ती पाठ चोळू लागली. तिला सगळं सांगितलं. रडत म्हटलं, "गाता आलं नाही तर देवीला मी कशी हाक मारू?"

ती म्हणाली, "बाये, माझो बापूस जल्मापासून मुको. पण देवळात रोज तोच पयलो. देवीन तेका कधी परत धाडूक नाय."

मी डोळे पुसले. तेवढ्यात भटजी बाहेर आले, चेहरा पडलेला. "दोनूय पाकळ्यो एकदम पडल्यो. म्हाकाच समजना. फाल्यां परत लावया?"

"उद्या परत नको," मी म्हटलं. दोन्ही पाकळ्या पदरात घेतल्या आणि त्याच आठवड्यात दवाखान्यात दाखल झाले. तो कौल होता की वारा, त्या बाईला कोणी माझ्याशेजारी बसवलं, मला आजही उमगलेलं नाही.

शुद्धीवर आले तेव्हा छातीत हवा सरळ उतरली. आवाज मात्र कुजबुजीएवढाच उरला.

आता पहिलं पद शेजारची शैला उचलते. ती थोडी बेसूर गाते. पूर्वी मी तिला तिथल्या तिथे टोकलं असतं. परवा सवयीने मीही तोंड उघडलं, तर नुसता वारा बाहेर आला. ओशाळून थांबणार होते, पण थांबले नाही. जे आलं ते देवीपुढे ठेवत गेले, आरती संपेपर्यंत.