रिकामं धुराडं

अकोल्याचा माणूस समुद्राकडे निघाला की लोक त्याला मुंबईच्या डॉक्टरचं नाव विचारतात. मी तर समुद्राचा तळ बघायला निघालो होतो, आणि तेही नुसतं निमित्त होतं. खरं काम सुषमाला परत आणायचं. सुषमा माझी जुनी विद्यार्थिनी, परतवाड्याच्या भाजीवाल्या देवीदासभाऊंची लेक, आता गोव्यात राहून समुद्राच्या तळाचं संशोधन करणारी. मी या उन्हाळ्यात निवृत्त होतोय. माझ्या जागेवर ती आली नाही, तर आमच्या प्राणिशास्त्र विभागाला कुलूप लागणार.

"पोरीले घेऊनच या, मास्तर," असं बजावून देवीदासभाऊंनी ठेच्याचा डबा हातात दिला.

गोव्याहून संशोधनाचं जहाज सुटलं. त्यावर एका शिक्षकाची सोय होती, तिथे सुषमानेच माझं नाव घातलं होतं. सुरुवातीला मी इतका ओकलो की हिंदी महासागराची पातळी वाढली. कप्तानाने ठेचा चाखला आणि जहाज थेट अंटार्क्टिकाकडे वळवलं, असं मी गावात सांगतो. चहूकडे पाणीच पाणी. आमच्या कोरड्या नळाची आठवण येऊन मला त्या समुद्राचा रागच यायचा.

मग जहाज पाण्याखालच्या डोंगररांगेवर थांबलं. कॅमेरा खाली सोडला आणि पडद्यावर धुराडी दिसली: तळाच्या भेगांतून काळं, रटरटतं पाणी ओकणारी. ऊन तिथे कधी पोचलेलं नाही. तिथले जिवाणू त्या पाण्यातल्या विषारी वायूवर जगतात आणि बाकीचे त्या जिवाणूंच्या जिवावर. पायाला लोखंडी खवले असलेली गोगलगायही पाहिली. ही थाप नाही, पण कुणाला पटणार नाही ती नेमकी हीच.

एक धुराडं मात्र ओसाड होतं. मध्ये ते बुजलं, सगळं मेलं. आता गरम पाणी पुन्हा सुटलं होतं, पण वस्तीला कुणी नाही. शेजारच्या धुराड्यांची पिल्लं (शास्त्रात डिंभक) प्रवाहाबरोबर वाहत येतात आणि अशा जागी बसतात. ती येतात का, हे कळावं म्हणून सुषमाने मागच्या मोहिमेत इथे सापळा सोडला होता. त्यात पाळीपाळीने उघडणाऱ्या बरण्या.

सापळा वर आला. आधीच्या बरण्यांत पिल्लं होती, तिळाहून बारीक. मी शिट्टीच मारली. पुढच्या बरण्यांत नुसतं पाणी.

त्याच काळात तिथून एक भोवरा गेल्याचं उपग्रहाच्या नकाशात दिसत होतं. अमरावती आणि अकोला हे दोन्ही जिल्हे गिळून वर बुलढाण्याकडे बघेल एवढा. यात मी काही वाढवलेलं नाही. पण तो वरचा, इतक्या खोल त्याचं काय, असं मी विचारलं.

"फिरते वर, सर, पण ओढ पार तळापर्यंत लागते," सुषमा म्हणाली. "पिल्लं खरडून नेली त्यानं. एखादं नशिबानं दुसऱ्या धुराड्यावर पडन. बाकीचे थंड पान्यात मरतात."

मला का कोण जाणे, घाई सुटली. मी तिथेच नोकरीचं काढलं. विभागात नवी प्रयोगशाळा, वातानुकूलन, विदेशी उपकरणं, सुचेल ते सांगत सुटलो.

ती हसली. "तो सूक्ष्मदर्शक अजून सुतळीनंच बांधून हाय ना, सर?"

मी रिकाम्या बरणीचं झाकण घट्ट लावायला लागलो.

"मले परदेशात बोलावलं याच कामासाठी. मी हो म्हनून बसली. बाबाले तुमी सांगा. माह्यानं सांगनं होत नाई."

परतीच्या वाटेवर समुद्र शांत होता. मी ओकलोसुद्धा नाही.

परतवाड्याला देवीदासभाऊंनी तिच्यासाठी संत्री निवडून वेगळी ठेवली होती. मी आधी गोगलगाईची गोष्ट लांबवली. त्यांनी ती सगळी ऐकली आणि विचारलं, "अन् पोरगी?"

मग सांगितलं. ते मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडत राहिले.

"म्हन्जे तिले आनाले गेलते, मास्तर, अन् पोचवून आले."

संत्री त्यांनी माझ्याच पिशवीत ओतली.

अकोल्याला उतरलो आणि विभागासाठी कुलूप मीच घेऊन आलो, चांगलं जाड, लोखंडी. समुद्रातून काय आणलं, असं विचारणाऱ्याला मी तेच दाखवतो.