औषध लावतेस का?

ज्योत्स्नाचं बूड एका जागी कधी टेकलंच नाही. धुळ्यात देवपूरला तिचं पार्लर आहे. एक खुर्ची, एक पलंग, दोन आरसे आणि दाराला गुलाबी पडदा. एवढ्याशा खोलीत ती दिवसभर किती चालते म्हणाल, तर इथून सोनगीर गाठेल. गिऱ्हाईक नसलं की कपाटातल्या बाटल्या काढून पुसायच्या, पुसलेल्या पुन्हा लावायच्या. नवरा चंदन म्हणतो, "अगं, जेवताना तरी मांडी घाल." मांडी घालते, आणि दुसऱ्या घासाला मीठ आणायला उठते.

मूळची ती धरणगावकडची, कापूसवाल्या घरची लेक. लग्न होऊन धुळ्याला आली, जळगावला राहून शिकलेला कोर्स इथे कामी आला, आणि चौदा वर्षांत तिने नाव कमावलं. नाव कशानं? हात हलका म्हणून, हे तर आहेच. पण खरं म्हणजे तिच्या प्रश्नांनी. पलंगावर आडवी पडलेली बाई डोळे मिटायच्या आत ज्योत्स्ना सुरू व्हायची. गेल्या वेळी कधी केलंस? पाळी जवळ आलीय का? मग चार दिवसांनी ये, तेव्हा दुखतं जास्त. उन्हातून आलीस का? बस दहा मिनिटं, कातडी निवू दे. केस तांदळाएवढे तरी वाढलेत का? नाहीतर मेण धरणार काय, डोंबल! काही औषध लावतेस का चेहऱ्याला? बायका हसायच्या, म्हणायच्या, ताई, तुमच्याकडे भुवया करायच्या तर पेपरच द्यावा लागतो. ज्योत्स्नाला ते आवडायचं. आपल्या हातून कधी कुणाचं वाईट झालं नाही, हे ती चारचौघींत सांगायची आणि सांगताना मान जराशी वर जायची.

तर अशा बाईकडे सोनगीरची ऋतिका आली. लग्नाला सहा दिवस. बरोबर आई, भागाबाई, हातात पिशवी, पिशवीत बांगड्या, पत्रिका आणि आणखी देव जाणे काय काय. पोरगी गोड, पण धाग्याला भ्यायची. दोऱ्याचा पहिला पीळ बसला की शिंका, आणि शिंकेबरोबर डोळ्यांतून धारा. "ताई, मेणाने करतात ना आता आयब्रो? एका झटक्यात होतं म्हणे."

"होतं. पण झटका झटकाच असतो," ज्योत्स्ना म्हणाली. "पहिल्यांदा चटका बसल्यासारखं वाटेल, श्वास सोडायचा, रोखायचा नाही. मी लगेच बोट दाबून धरते, म्हणजे ठणका ओसरतो. तासभर लाल दिसेल, त्याला घाबरायचं नाही. दोन दिवस ऊन नको, वाफ नको, पावडर नको, आणि खाजलं तरी नख लावायचं नाही." लग्नाच्या आदल्या दिवशी कुणी आलं तर ती सरळ परत पाठवायची. ही सहा दिवस आधी आली म्हणून तिला शाबासकीसुद्धा दिली.

मग प्रश्न. केस बरे होते, पाळी लांब होती, उन्हातून आलेली नव्हती. "चेहऱ्याला काही औषध लावतेस का?"

"नाही," ऋतिका म्हणाली. भागाबाईनेही मान हलवली. "औषध कसानं? तिले काय व्हयेल शे?"

ज्योत्स्नाने मेण मनगटावर लावून पाहिलं, सोसवेल इतकंच गरम. भुवईच्या वर पावडर टिपली, केसांच्या दिशेने पातळ पट्टा ओढला, कापड दाबलं, एका हाताने कातडी ताणली आणि उलट्या दिशेने झट्कन ओढलं. चौदा वर्षांत हजार वेळा केलेली गोष्ट.

ऋतिका किंचाळली नाही, नुसतं "आई गं" म्हणाली. पण कापडाकडे बघून ज्योत्स्नाच्या काळजात चर्र झालं. केसांबरोबर कातडीचा पापुद्रा आला होता. डाव्या भुवईच्या वर, कपाळाकडे, हरभऱ्याएवढी जागा ओली, लालभडक चमकत होती.

तरी हात चालत राहिले: थंड फडकं, वर कोरफड, मेण बाजूला सारलं, मेण तापवायची शेगडी बंद केली. "तू नक्की काही लावत नाहीस? रात्री झोपताना? काहीच?"

"ती ट्यूब लावते ना," पोरगी म्हणाली. "मेडिकलवाल्याने दिली. डाग जातात म्हणून. तीन महिने झाले."

"अगं, त्या ट्यूबने कातडी पातळ होते! मग मी विचारलं तेव्हा नाही का म्हणालीस?"

भागाबाईच मध्ये पडली. "ती ते ट्यूब शे ना बहीण! औषध थोडं शे? आमना घर औषध म्हणजे कपाशीवर मारतस ते. ते तोंडले कोन लावस?"

ज्योत्स्ना मटकन स्टुलावर बसली. बसली, हे तिच्या बाबतीत लिहून ठेवण्यासारखं. कारण भागाबाईचं खरं होतं. तिच्या स्वतःच्या बापाच्या घरीही औषध म्हणजे फवारायचंच. "पोऱ्होन, औषधले हात लावू नका," हे ऐकत ती लहानाची मोठी झाली होती. पोटात घ्यायची ती गोळी, चेहऱ्याला लावायची ती ट्यूब, आणि औषध ते कपाशीवर. चौदा वर्षं शहरात राहून तिने कोर्सच्या पुस्तकातला शब्द उचलला आणि गावच्या बायकांना तोच विचारत बसली. आजवर किती जणी ट्यूब लावून येऊन, "नाही" म्हणून, नशिबाने वाचून गेल्या असतील, कुणास ठाऊक.

उरलेलं काम तिने चिमट्याने केलं, एकेक केस, श्वास रोखून. ट्यूब आजपासून बंद, असं चारदा सांगितलं. ओळखीच्या कातडीच्या डॉक्टरांकडे दोघींना स्वतः घेऊन गेली. डॉक्टरांनी मलम दिलं, म्हणाले, भरून येईल, फक्त खपली काढू नका आणि त्यावर काहीही थापू नका.

पण भागाबाईचं धाबं दणाणलं होतं ते वेगळ्याच कारणाने. रिक्षात बसताना तिने ज्योत्स्नाचा दंड धरला. "नवी कातडी पांढरी येस ना वं? त्या लोके काय म्हनतीन? पोरले कोड शे आनि आम्ही दपाडं, असं म्हनतीन." सासरच्यांना वाटेल आपण कोड लपवलं, ही तिची धास्ती.

त्यापुढे पाच दिवस ज्योत्स्नाची नुसती घालमेल. सकाळी उठली की आधी फोन. "फोटो पाठव." दुपारी, "उजेडात ये, तिथून काढ." संध्याकाळी, "जवळून. केस मागे घे." जागा वाळली, तपकिरी झाली, कडेने सुटू लागली. गिऱ्हाइकांच्या भुवया एकीकडे करायच्या, दुसरीकडे डोळा फोनवर. एका बाईची भुवई अंमळ बारीक झाली, तिने कुरकुर केली, आणि ज्योत्स्ना, जी कधी कुणावर ओरडत नाही, तिच्यावर खेकसली. चंदन म्हणाला, "तू डॉक्टरकडे नेलंस, मलम घेऊन दिलंस, आता आणखी काय करणार?" ती म्हणाली, "तुम्हाला नाही कळायचं," आणि स्वयंपाकघरात जाऊन धुतलेली भांडी पुन्हा धुवायला घेतली.

हळदीच्या दिवशी सकाळी फोटो आला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. खपली नव्हती. खाजलं म्हणून पोरीने झोपेत ओरबाडली होती. तिथे आता गुलाबी-पांढरी, कोवळी, चकचकीत टिकली. सावळ्या कपाळावर लांबूनही दिसेल अशी.

लग्नाचा मेकअप तिच्याकडेच होता, पण तो उद्या. तरी तिने पार्लरला कुलूप लावलं, स्कुटी काढली आणि हायवेने सोनगीर गाठलं.

मांडवात पोचते तोच भागाबाईने तिला आतल्या खोलीत ओढलं. "हाऊ डाग रंगवी टाक. तुन्हाजोडे शे ना ते? कोनी इचारं ते सांगसूत, मांजरनी नख मारं. तू मात्र बोलू नको."

पिशवीत फाउंडेशन होतं. ऋतिकाच्या रंगाचं, मुद्दाम आणलेलं. दोन बोटं फिरवली की काम झालं असतं. डाग गेला, पार्लरचं नाव राहिलं, भागाबाई खूश. ज्योत्स्नाने झाकण उघडलंसुद्धा. पण कोवळ्या कातडीवर रंग, त्यावर हळद, त्यावर तेल, मग उद्या पुन्हा मेकअप. चिघळलं तर? तिने झाकण लावलं. "नाही मावशी. यावर काही लावायचं नाही. हळदसुद्धा नाही." भागाबाईने कपाळावर हात मारून घेतला.

चारच्या सुमारास वाजंत्री वाजली. नवरदेवाकडच्या बायका उष्टी हळद घेऊन आल्या. आधी नवरदेवाला लावायची आणि त्यातलीच उरलेली नवरीला, ही रीत. पुढे नवरदेवाची आई, सुगंधाबाई, उंच, हाडापेराने दांडगी, कमी बोलणारी. ऋतिका पाटावर बसलेली. ज्योत्स्ना तिच्या मागे उभी, एका पायावरून दुसऱ्या पायावर.

सुगंधाबाईने बोटांवर हळद घेतली आणि नवरीची हनुवटी वर उचलली. भागाबाईने घाईने पोरीचं तोंड दुसरीकडे वळवलं, आणि नेमका डाग उजेडात आला.

सुगंधाबाईचा हात थांबला. "हाई पांढरं काय शे?"

"मांजर," भागाबाई म्हणाली. "मांजरनी..."

"तेल उडनं," त्याच क्षणी पलीकडून नवरीची काकू बोलली. तिला वाटलं आपण मदत करतोय.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मागच्या बाजूने कुणीतरी हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालं, "कोड ते नही ना वं?" वाजंत्रीवाल्याला कुणीतरी हाताने थांबवलं. ऋतिकाने मान इतकी खाली घातली की हनुवटी छातीला टेकली.

ज्योत्स्नाला कळत होतं की आता नाही बोललं तर लग्न मोडेल, आणि बोललं तर या पंचक्रोशीतली एकही बाई पुन्हा तिच्या पलंगावर झोपायची नाही. ती पुढे आली. धुळ्यात ती कधी गावची बोली बोलत नाही, गिऱ्हाईक काय म्हणेल म्हणून. पण त्या वेळी तोंडातून अहिराणीच आली.

"कोड बिड काही नही शे. मन्हा हातथून व्हयनं हाई. धुयाम्हा देवपूरले मन्हं पार्लर शे. मी भुवईले मेण लावं, वढं आनि कातडी निंघनी. पोरनी चूक नही, तिन्ही मायनी नही. मन्ही शे. डॉक्टरना कागद मन्हाजोडे शे, देखी ल्या." तिने पिशवीतून चिठ्ठी काढली.

बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली. "असं करस का कोनी?" "धुयानी शे म्हने." "नाव काय शे तिन्हं?" ज्योत्स्नाने नावही सांगितलं, पुरतं.

सुगंधाबाईने चिठ्ठी घेतली नाही. ती पाटाजवळ गुडघ्यांवर बसली. हळदीचा हात मागे केला, दुसऱ्या, कोरड्या हाताने ऋतिकाचे केस कपाळावरून सारले, आणि डागाकडे न बघता तिच्या डोळ्यांत बघत विचारलं, "दुखस का वं माय?"

ऋतिकाचा बांध फुटला. "हा," ती हुंदक्यांतून म्हणाली, "भलतं दुखस. पाच दिनथून."

"मंग हळद गालले लावसूत," सुगंधाबाई म्हणाली. "कपाय ऱ्हाऊ दे." आणि तिने कपाळ सोडून दोन्ही गालांना अलगद हळद लावली. वाजंत्री पुन्हा सुरू झाली.

ज्योत्स्ना खांबाला धरून उभी राहिली. लग्न वाचलं होतं, आणि तिला हायसं वाटायला हवं होतं. पण पाच दिवसांत तिने लाली विचारली, खपली विचारली, रंग विचारला. दुखतं का, हे तिने त्या पोरीला एकदाही विचारलं नव्हतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.