पोहणाऱ्याच्या घरातली चूल

आमच्याकडं, सोलापूरच्या कोरड्या बाजूला, घरांना माळवद असतं, सपाट मातीचं. उतरत्या कवेलूच्या, म्हणजे कौलांच्या, छपराखाली झोपायची मला सवय नव्हती. त्यात ते छप्पर एका नामांकित माणसाच्या घराचं, म्हणजे झोपेचा प्रश्नच मिटला.

चौथीनंतर माझी शाळा सुटली. मिळेल ते काम करत मी चांदा जिल्ह्यात पोचलो, मूल गावाकडून गडचिरोलीला जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका लाकडाच्या डेपोत. सागाचे ओंडके गाडीवरून उतरवायचे आणि रचायचे. तिथं तापानं पडलो तेव्हा डेपोत कुणी विचारलं नाही. जवळच्या तलावाकाठी ढिवरांचा, म्हणजे मासेमारांचा, मोहल्ला होता. तिथला एक म्हातारा आला आणि मला बैलगाडीत घालून घरी घेऊन गेला. सगळा गाव त्याला भाऊ म्हणायचा. त्याच्या घरची पेज पिऊन मी उठलो. तेव्हापासून त्या मोहल्ल्यानं काही सांगितलं की मला नाही म्हणता आलं नाही, येऊही नये.

या भाऊचा पुतण्या म्हणजे आमचा पोहणारा. याच तलावात मासे धरायच्या डोंग्यामागून पोहत मोठा झाला, पलटणीत गेला आणि तिकडं कलकत्त्याच्या नदीत लांब पल्ल्याच्या शर्यतीत पहिला आला. पेपरात फोटो छापून आला. मग त्याची विधवा आईही त्याच्याकडं कामठीच्या छावणीत राहायला गेली आणि घर रिकामं झालं.

आता या घराचं काय करायचं, यावर मोहल्ल्यात एकमत व्हायला वेळ लागला नाही. घर जपायचं. भाऊनं आतल्या खोल्यांना कुलूप घातलं. आत जाळं टांगायचं नाही, शिंगाडे वाळत घालायचे नाहीत, चूल पेटवायची नाही. सणावाराला दार उघडायचं, चपला बाहेर काढून सगळ्यांनी आत डोकावायचं, हात जोडायचे. राखणीला माणूस हवा होता. भाऊनं मला बाहेरची छपरी दिली. रांधायचं ते अंगणातल्या चिंचेखाली, घर काळं होता कामा नये.

मी मनापासून राखण केली. रोज झाडायचो, शेणानं सारवायचो, शेळी अंगणात आली तर तिच्यामागं धावायचो. मला पोहता येत नव्हतं, हे मोहल्ल्याला लवकरच कळलं. पाण्याला जाणाऱ्या बाया मुद्दाम थांबून एकमेकींना विचारायच्या, घर पोहणाऱ्याचं अन् राखणदार गुडघाभर पाण्याले भेते, असा कसा हिशेब बाई. मी हसायचो. त्यांच्या थट्टेत सुद्धा मला आपण इथले झाल्यासारखं वाटायचं.

दुसऱ्या उन्हाळ्यात छपरीच्या जमिनीवर पिवळी पूड दिसू लागली. झाडली की दुसऱ्या दिवशी पुन्हा. भाऊनं कुलूप उघडलं तर आत सगळीकडं तीच पूड, पिठासारखी मऊ. छपराच्या बांबूंना घुण लागली होती. भाऊनं एक बांबू बोटानं दाबला आणि बोट आत गेलं. वर कवेलूचं सगळं ओझं त्याच बांबूंवर होतं. पावसाळा लागला की छप्पर बसणार, हे माझ्यासारख्या माळवदवाल्यालाही समजलं.

बातमी डेपोच्या ठेकेदारापर्यंत गेली. तो आला, घराभोवती फिरला आणि म्हणाला, हे पाडू, मी पक्कं विटांचं बांधून देतो, समोर पोहणाऱ्याच्या नावाची पाटी लावू. पाटीवर खाली बारीक अक्षरात आणखी एक नाव येणार, हे त्यानं सांगितलं नाही, पण सगळ्यांना कळलं. तरी मोहल्ला भुलला. पक्कं घर म्हणजे मोठा मान. भाऊनंही मान डोलावली. आठवड्याच्या आत विटांच्या गाड्या अंगणात रिकाम्या झाल्या.

घर गेलं तर माझी जागा गेली, ही भीती होतीच. पण त्याहून मोठी ही, की ज्यांनी मला उचलून आणलं त्यांनी जपायला दिलेली एकच वस्तू माझ्या हातात खलास होत होती.

पाडायच्या आधी घराच्या मालकिणीला कळवायला हवं, म्हणून कामठीला निरोप गेला. पोहणाऱ्याची आई एकटीच आली. दारात उभी राहिली, आत गेली, चुलीपाशी बसली आणि राखेत हात घातला. राख थंड होती, दगडासारखी बसलेली.

भाऊ तिचा भासरा, नवऱ्याचा मोठा भाऊ. तिकडच्या रीतीप्रमाणे ती त्याच्याशी समोरासमोर बोलत नसे. डोक्यावर पदर ओढून, तोंड भिंतीकडं करून ती मला म्हणाली, "बाबू, त्याहिले विचार, माह्यी चूल कोनं बंद केली?"

भाऊ माझ्यापासून हातभर अंतरावर उभा. तोही माझ्याकडंच बघून म्हणाला, "सांग तिले. पोराचं नाव झालं. घर साफ रावं म्हनून केलं."

"त्याहिले सांग, देवाले तरी उदाचा धूर देता. माह्या घराले तोबी नाई देला."

मी मधे उभा. सांगायचं काय, दोघांनाही सगळं ऐकू येत होतं. ती बोलत राहिली. या चुलीचा धूर वर जायचा, बांबू काळेकुट्ट व्हायचे, धुरानं कडू झालेल्या बांबूला किडा तोंड लावत नाही. तिची सासू रांधत होती तेव्हापासून ते छप्पर धुरावर उभं होतं. तुम्ही त्याला उपाशी मारलं. शेवटी म्हणाली, "त्याहिले सांग, विटाचं घर बांधाचं तं बांधा. पन माह्या पोराचं म्हनू नका. तो याच धुरात खोकलत मोठा झाला."

भाऊ चपला न घालताच बाहेर पडला. तो रागावून गेला असं मला वाटलं. तो परत आला तेव्हा त्याच्या खांद्यावर डोंगा ढकलायचा लांब बांबू होता.

"बाबू, सांग तिले," तो म्हणाला, "माह्या लग्नापासून हा पान्यात आहे. याले घुण काय खाईल."

नवा बांबू जंगलातून आणला असता तर तो पाण्यात मुरवायला पावसाळ्याआधी वेळ नव्हता, आणि न मुरवलेला बांबू घुणीला जेवणाचं ताट. पण मोहल्ल्यात दर घरी मुरलेला बांबू होताच, डोंग्याचा, जाळ्याचा, शिंगाड्याच्या वेलांभोवती रोवलेला. संध्याकाळपर्यंत अंगणात ढीग पडला. काही बांबू तलावातच खोल रोवलेले होते. ते उपटायला माणसं कमी पडली तेव्हा मीही उतरलो, छातीइतक्या पाण्यात. काठावरच्या बाया काहीतरी ओरडत होत्या. काय ते मी ऐकलं नाही, दात वाजत होते.

ठेकेदार हसला. म्हणाला, दसऱ्यापर्यंत विटा इथंच असू द्या, तुमचं छप्पर बसलं की लागतील. भाऊनं ते कबूल केलं. छपरानं पावसाळा काढला तर घर राहील, नाही तर पाडायचं.

सगळ्यांनी मिळून कवेलू उतरवले, कुजके बांबू काढले, मासळीच्या वासाचे नवे चढवले, कवेलू पुन्हा रचले. मग पोहणाऱ्याच्या आईनं आतली चूल पेटवली आणि कामठीला परतण्याआधी माझ्याकडं बघून म्हणाली, "आता तू इथीच रांधत जा. ओलं लाकूड लावजो."

त्या पावसाळ्यात मी जेवढा धूर खाल्ला तेवढा जन्मात खाल्ला नसेल. डोळे लाल. डेपोत कामावर गेलो की लोक विचारायचे, रडून राह्यला काऊन? वारा सुटला की मी उठून आढ्याकडं बघत बसायचो. एका दुपारी वादळानं डेपोची टिनं उडाली, मोहल्ल्यातल्या चार घरांचे कवेलू अंगणात आले. मी आत भिंतीला पाठ लावून बसलो होतो. वरचे बांबू करकरले, डोंगा वळताना करकरतात तसे. एक कवेलू सरकला. बाकी सगळं जागेवर राहिलं.

दसऱ्याला पोहणारा आला, आईला घेऊन. उंच माणूस, दारात वाकून आत शिरला. त्याच्यामागं सगळा मोहल्ला. पण त्या दिवशी कुणी हात जोडून उभं राहिलं नाही. जो तो माना वर करून आपला बांबू शोधत होता. तो माह्या डोंग्याचा, गाठीवर काप आहे, पाह्य. अन् तो कोपऱ्यातला माह्या बापाचा. दोन म्हातारे एकाच बांबूवरून भांडायला लागले. पोहणारा मधे उभा राहून मोठ्यानं हसत होता. हसता हसता त्याला धुराचा ठसका लागला, तशी त्याची आई पदराआडून म्हणाली, "आता बरोबर आहे."

ठेकेदारानं विटा परत नेल्या. गाड्या निघाल्या तेव्हा पोरं मागं धावली. मी धावलो नाही. आत झिंग्यांचं कालवण शिजत होतं, पंगत बसायची होती, आणि चुलीजवळून उठायला मला कुणी परवानगी दिली नव्हती.