बिनसाखरेचे लाडू

नसीमचा फोन आला तेव्हा मी पोरींचे डबे भरत होते. सकाळचे दहा वाजले असतील. "सुमनखाला, अम्मी गेली..." ती म्हणाली. आणि मी काय विचारावं? "जेवली होती का गं?" असं विचारलं. पलीकडून नसीमचं रडू फुटलं आणि मी हातात वरणाचा डाव धरून तशीच उभी. नांदेडच्या गाडीत बसले, अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली, पाण्याच्या बाटलीसाठी पिशवीत हात घातला तर आत डाव. वरणाचा, न धुतलेला. शेजारची बाई माझ्याकडे बघत होती. शमीम, नसीमची अम्मी, असती तर पोट धरधरून हसली असती. "आता मयतीला बी वाढायला निघालीस व्हय?" म्हणाली असती. ते मनात आलं आणि मग मात्र मला आवरेना.

गेल्या आठवड्यात तिचा चाळिसावा झाला. मी चौथी शिकलेली बाई. लिहायची सवय नाही, वाचायची मात्र फार. किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचत वाचत शिकले. लिहिताना बोलल्यासारखं होतं, ते सांभाळून घ्या.

शमीमची आणि माझी गाठ भूकंपानं घालून दिली. औसा तालुक्यातलं आमचं गाव, मातीची घरं. आमचं घर पडलं, सासूबाई त्यात गेल्या. मालक आणि मी लातूरला येऊन एका गल्लीत खोली केली. पहिले पंधरा दिवस मी कुणाशी बोलत नव्हते, भिंतीला पाठ लावून बसायचं म्हटलं तरी भ्यायची. शेजारच्या दारात एक ठेंगणी बाई शिलाई मशीन चालवायची. एके दिवशी ती चहाचा पेला घेऊन आली. गुळाचा चहा, दूध फाटतं म्हणून कोराच. मी पेल्याकडे बघत राहिले. खोटं कशाला बोलू, आमच्या गावात मुसलमानाच्या घरचं पाणी चालत नसे. तिच्या ते लक्षात आलं. "पी की बाई," ती म्हणाली, "भूकंपानं कुठं इचारलं, घर कुणाचं म्हणून?" मी प्याले. तो चहा इतका गोड होता की दात कळवळले. शमीमचं सगळंच तसं. चहा गोड, शिवी गोड, भांडण झालं तरी संध्याकाळी वाटीभर काहीतरी गोड घेऊन दारात उभी.

पुढं लातूर बदललं. क्लासेसच्या पाट्या लागल्या, गल्लीगल्लीत पोरी राहायला आल्या. कुणी धर्माबादची, कुणी मुदखेडची, सगळ्यांना डॉक्टर व्हायचं. मी त्यांचे डबे सुरू केले, शमीम त्यांचे ड्रेस शिवायची, उसवायची, परीक्षेच्या ताणानं वाळलेल्या पोरींचे पुन्हा आत घ्यायची. चार वाजता माझे डबे धुऊन व्हायचे, तिची मशीन थांबायची, मग आमचा चहा. पंचवीस वर्षं तो चहा आम्ही चुकवला नाही.

तिचे डोळे अंधूक व्हायला लागले तेव्हा कळलं की तिला शुगर आहे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, साखर बंद सांगितली. त्या दिवशी शमीम पहिल्यांदा माझ्यापुढं रडली. "गोड न्हाई तर जगायचं कशाला, सुमन? हे तर उपास करून मरणं झालं." मला ते बघवलं नाही. मी म्हणाले, "तू गप बस, मी बघते."

आणि मी बघितलं! माझ्या वाचनाचा मला भारी अभिमान. एका पुरवणीत यादी आली होती, साखरेऐवजी काय खावं याची. गूळ, मध, खजूर, अंजीर, मनुका. मी ती कात्रीनं कापून कपाटाच्या दाराला चिकटवली. यादीच्या खाली बारीक अक्षरात किती खावं, कुणी खाऊ नये, असं काहीतरी होतं. ते माझ्या कात्रीखाली गेलं. पुरवणीचा दोष नाही. मला जेवढं हवं होतं तेवढंच मी कापून घेतलं.

त्या दिवसापासून शमीमच्या घरात साखरेचा दाणा नाही. चहात सेंद्रिय गूळ. ईदचा शीरखुर्मा नुसत्या खजुराचा. आणि माझे लाडू... खजूर, अंजीर, तीळ, शेंगदाणे, वर गुळाचा पाक. रोज दोन. कधी तीन. ती लाडू हातात घ्यायची, डोळ्यांजवळ न्यायची आणि विचारायची, "ह्यात न्हाई ना गं?" मी म्हणायची, "दाणासुद्धा न्हाई." "तू वाचलंयस ना? मग झालं," म्हणायची आणि खायची. गल्लीतल्या बायकांना मोठ्या तोऱ्यात सांगायची, "माझी डॉक्टरीण हाय ही. फी घेत न्हाई, उलट चारती."

धर्माबादची एक पोर होती डब्याला, बडबडी. तिनं एकदा मला लाडू वळताना बघितलं. म्हणाली, "आजी, शमीमआजीला हे देऊ नका हं. गुळात पण तेच असतं, खजुरात पण. आमच्या पुस्तकात आहे." मी काय म्हणावं? "आधी तुझी परीक्षा होऊ दे, मग मला शिकव. हे निसर्गाचं आहे, कारखान्यातलं न्हाई." बाकीच्या पोरी हसल्या. ती बिचारी लाल झाली, डबा उचलून गेली. ती पोर पास झाली की नाही, मला माहीत नाही. नापास मी झाले, एवढं खरं.

शमीमचे मालक गेल्यावर नसीमनं तिला नांदेडला नेलं. मी दर पंधरा दिवसांनी लाडवांचा डबा घेऊन जायची. एकदा तिच्या पायाच्या बोटाला चप्पल लागली. जखम भरेना. आम्ही हळद लावली, कडुलिंब लावला. मग बोट काढलं, मग पाऊल. शिलाई मशीनचा पाय होता तो... मी काही लिहू शकत नाही त्यावर. मग मूत्रपिंडं गेली.

दवाखान्यात ती आडवी होती आणि मी डबा उघडून तिला भरवत होते, तेव्हा डॉक्टर आले. तरुण मुलगा. त्यानं डब्यात बघितलं. "हे काय, आजी?" मी ऐटीत सांगितलं, "बिनसाखरेचे लाडू. सहा वर्षं झाली, साखर शिवली न्हाई तिनं." त्यानं डब्यावर झाकण ठेवलं. मग हळू आवाजात म्हणाला, "आजी, साखर काय, गूळ काय, मध काय... अंगात गेल्यावर सगळ्यांची वाट एकच. चिमूटभर चव म्हणून वेगळं. रोज दोन-तीन लाडू म्हणजे..." धर्माबादच्या पोरीनं सांगितलं होतं, तेच तो सांगत होता.

शमीमनं उशीवरून मान उचलली. "डॉक्टरसाब, तिला बोलू नका. मी मागत होते. ती तर जीव लावून करत होती."

तो गेल्यावर मी तिचा हात धरला आणि म्हणाले, "शमीम, मी मारलं तुला." ती म्हणाली, "ए, नाटक नक्को. इतकं गोड विष कुणी देतं का कुणाला?" आणि हसली. ओठ कोरडे पडलेले, तरी हसली. त्यानंतर अकरा दिवसांनी नसीमचा फोन आला.

लोक समजूत काढतात. म्हणतात, लाडवानं कुणी जात नाही, वय झालं होतं. नसीमही म्हणते. पण एक गोष्ट नसीमलासुद्धा माहीत नव्हती, आणि ती लिहिल्याशिवाय मला चहा गिळवत नाही. लाडू सुरू केल्यावर वर्षभरानं शमीम मला म्हणाली होती, "सुमन, त्या गोळीनं गरगरतं गं. अर्धी करू का?" डॉक्टरला विचार, असं मी म्हणायला हवं होतं. नसीमला विचार, म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "कर की. आता साखर पोटात जातच न्हाई, तर अख्खी गोळी कशाला?" ती सुईनं टिपावं तसं अडकित्त्यानं गोळीचे नेमके दोन तुकडे करायची. पाच वर्षं. मी समोर असले की बघत बसायची, आणि मला बरं वाटायचं.

चाळिसाव्याला फातिहा देतात. गेलेल्या माणसाला जे आवडायचं ते पुढं ठेवतात. नसीम म्हणाली, "खाला, तुमचे लाडू पायजेत." मी म्हणाले, "मागू नकोस गं, ते माझ्या हातून होणार न्हाई." ती म्हणाली, "अम्मीला दुसरं काय आवडायचं, सांगा बरं?" मग केले. खजूर निवडले, पाक केला, वळले.

फातिहा झाल्यावर मी नसीमला बाजूला बसवलं आणि अर्ध्या गोळीचं सगळं सांगितलं. तिनं ओढणीनं डोळे पुसले. रागावली असती तर बरं झालं असतं. मग म्हणाली, "खाला, मला बी शुगर निघालीय. मागच्या महिन्यात. तुम्हाला सांगायची हिंमत न्हवती." आणि बोलता बोलता, अगदी आईसारखी, तिनं ताटातला लाडू उचलला.

मी तिचं मनगट धरलं. "गोळी घेतलीस आज?"

"घेतली."

"अख्खी?"

"अख्खी, खाला."

तेव्हा मी तिच्या हातातला लाडू घेतला, मोडला, चिमणीच्या घासाएवढा तुकडा तिच्या तळहातावर ठेवला... आणि उरलेलं ताट उचलून माझ्या मांडीवर घेऊन बसले.