दोन पातेल्यांचं मटण

माझ्या बायकोच्या मटणाला थोरल्या भावानं पस्तीस वर्षं नावं ठेवली. तो मांजरी गावात राहतो. धायरीच्या जत्रेला सगळा गोतावळा घेऊन आमच्याकडं जेवायला यायचा आणि पहिल्या घासाला म्हणायचा, "काय रे, हिनं मिरच्या माहेरी पाठवल्या का?" पंगत हसायची. मीपण हसायचो; मला ते तिखटच लागायचं, पण वाटायचं, दादाची जीभच जाड. ती भाकरीची टोपली घेऊन दारात उभी असायची.

ती जाऊन दीड वर्ष झालं. पहिल्या साली वर्ष झालं नव्हतं म्हणून जत्रा केली नाही. यंदा केली. लेक म्हणाली, आचारी सांगू. म्हटलं, मी करतो. आयुष्यात कधी गॅस पेटवला नव्हता, पण डोक्यात एकच होतं, भावाची जीभ भाजायची.

मटण हळद-मिठात शिजवून त्याचं पाणी वेगळं काढलं. कांदा-खोबरं भाजून वाटलं. लवंगी मिरची मूठमूठ फोडणीला घेतली. फोडणी टाकली तर समोरच्या बिल्डिंगीतला माणूस खोकायला लागला. तेवढ्यात वहिनी, म्हणजे भावाची बायको, नाकाला पदर लावून आत आली.

"दुसरं पातेलं कुठंय, भाऊजी?"

"कसलं दुसरं?"

"यांचं. पोटात जुनी जखम हाय, तिखट सोसत नाय. ती दरसाल वेगळं काढायची. मीच सांगितलं होतं तिला. पण कुणाला बोलू नका हं, यांना लाज वाटते."

"दादाला ठाऊक होतं, वेगळं काढायची ते?"

"नसायला काय झालं?"

मी गॅस बारीक केला. माझी बायको त्याचं पोट सांभाळत होती आणि हा तेच खाऊन तिला हसत होता. आणि मला एका घरात राहून ते दुसरं पातेलं कधी दिसलं नाही. स्वयंपाकघरात पाय ठेवला असता तर दिसलं असतं.

वेगळ्या काढलेल्या पाण्यात चार फोडी आणि नुसतं वाटण घालून मी दुसरं पातेलं केलं. पंगत बसली. जावई, पुतणे, सगळे. भावानं बाह्या सारल्या.

"आज धाकट्याच्या हातचं! बघू, तिखट आहे का तेच पाणी."

दोन्ही पातेली त्याच्यापुढं ठेवली. "दादा, हे तिखट. हे तुझं, बिनतिखट. तिनं पस्तीस वर्षं तुला हेच वाढलं. बोल, कुठलं वाढू?"

वहिनीनं मान खाली घातली. भाऊ लाल झाला. "तिखट वाढ."

वाढलं. तीन घास गेले. कपाळावरून घाम नाकावर आला. मी पुन्हा पळी भरली, तसा त्यानं ताटावर हात आडवा धरला आणि पुटपुटला, "फिकं दे."

"ऐकू नाय आलं."

"फिकं दे म्हटलं ना!"

सगळ्या पंगतीला ऐकू गेलं. मग वाढलं. चांगल्या फोडी बघून वाढलं, त्याला बोलायला जागा नको.

पाहुणे गेल्यावर लेक भांडी घासता घासता म्हणाली, "अप्पा, आईला हे आवडलं नसतं."

नसतंच आवडलं. तिला सोसायची सवय होती. मला नाही, आणि पुढच्या जत्रेलाही मी दोन्ही पातेली त्याच्या पुढ्यातच ठेवणार आहे.