उजव्या हाताची चार बोटं

"आता लाव पुस्तकाले बोटं."

मालक एवढंच बोलला आणि त्याने माझा उजवा हात तव्यावर दाबला. तव्यावर ज्वारीची भाकरी होती, अर्धी कच्ची. मालकिणीने ती उलथन्याने बाजूला सरकवली. जागा करून दिली. माझ्या हातासाठी.

मी नऊ वर्षांची होते. अंगठा निसटला. चार बोटं सापडली. मी ओरडले की नाही ते आठवत नाही. वास आठवतो.

पुस्तक इंग्रजीचं होतं. मालकाच्या मुलीने ते स्वतः माझ्या हातात दिलं होतं. चित्राखालच्या अक्षरांवरून मी बोट फिरवत होते, तेवढ्यात मालक आला. "लमाणाची पोरगी पुस्तक चोरून राह्यली," तो म्हणाला. त्याची मुलगी दारात उभी होती. 

आम्ही तांड्यातले. आमच्या बोलीत आईला याडी म्हणतात. माझी याडी त्यांच्या वावरात कापूस वेचायची. त्या दिवशी वेचलेला कापूस घालायला ती अंगणात आली होती, आम्हा दोघा भावंडांना घेऊन. मला धरलेलं पाहून ती धावली. दोन गड्यांनी तिला धरलं. तिच्या दंडावरच्या बांगड्या फुटल्या, काचा मांसात शिरल्या. एकाने पोटात लाथ घातली. ती पडली. पडल्या जागेवरून सरपटत गेली आणि मालकाच्या पायावर डोकं ठेवलं.

"चुकलं मालक," म्हणाली. काय चुकलं ते तिला माहीत नव्हतं.

मग मालकिणीने तीच भाकरी त्याच तव्यावर परत ओढली. शेकली. माझ्या भावाच्या हातात दिली. तो पाच वर्षांचा होता. त्याने ती खाल्ली.

पोरांनो, मागच्या दिवाळीत तुम्ही व्हिडिओवर विचारलंत, आजी, तुझी बोटं अशी चकचकीत का? मी म्हणाले, चुलीवर भाजली. मी खोटं बोलले. तुमच्या आईशी तर ती जन्मल्यापासून हेच खोटं बोलत आले. ती तुम्हाला हे वाचून दाखवेल तेव्हा तिलाही पहिल्यांदाच कळेल. वाचता वाचता ती थांबली तर तिला पाणी द्या. आणि पुढे वाचायला लावा.

हे खोटं मी एकटीने रचलेलं नव्हतं. त्याच दिवशी तांड्यात नसाब बसली. नसाब म्हणजे आमची पंचायत, आणि नायकाचा शब्द शेवटचा. नायक म्हणाला, खरं सांगितलं तर वेचणी बंद होईल, वर पोलीस येतील. आमच्या तांड्यात पोलीस यायचे ते आम्हाला चोर ठरवूनच यायचे. तेव्हा सांगायचं, पोरगी चुलीवर भाजली. सगळ्या पुरुषांनी माना हलवल्या. याडी मागे, तोंडावर पदर ओढून बसली होती. नसाबीत बाईने बोलायचं नसतं. तिच्या दंडातली काच अजून काढलेली नव्हती.

त्या दिवसापासून ते वाक्य माझं झालं. आश्रमशाळेत, कॉलेजात, लग्नाच्या बोलणीत, नोकरीच्या मुलाखतीत. पुढे मी इंग्रजीचीच शिक्षिका झाले. आर्णीत चौतीस वर्षं शिकवलं. वहीला समास, पानावर तारीख, सगळं जिथल्या तिथे. खोटं बोलणाऱ्या मुलामुलींना मी पट्टीने मारलं. बोटांवर. हे लिहिताना हात अडतो, पण लिहिते. निवृत्तीच्या दिवशी शाळेच्या मंडळाचा अध्यक्ष म्हणून त्याच मालकाच्या नातवाने मला शाल दिली. मी ही बोटं जोडून त्याला नमस्कार केला.

तुमच्याकडे यायचं ठरलं तेव्हा मी लाल फाइल केली. पासपोर्ट, आधार, पेन्शनचं पत्र, तुमच्या आईचं आमंत्रण. प्रत्येक कागदाला क्रमांक, प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स. सोळा कागद झाले. मग व्हिसासाठी ठसे द्यायला नागपूरला गेले.

काचेवर हात ठेवायचा होता. डावा हात झटकन झाला. उजवा काही उमटेना. खिडकीवरची मुलगी प्रेमळ होती. "आजी, जरा दाबू का?" म्हणाली, आणि तिने माझ्या हातावर हात ठेवून दाबला.

मी किंचाळले.

काच थंड होती. तरी किंचाळले. हात ओढून घेतला आणि तिला ढकललं. ती खुर्चीसकट मागे गेली. सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. साठ वर्षांपूर्वीची ती किंकाळी तिथे पोटात अडकून राहिली होती, ती इथे बाहेर पडली. मी त्या पोरीची माफी मागितली. पडद्यावर चार जागा कोऱ्या होत्या. तिने शांतपणे सांगितलं, "बोटं का उमटत नाहीत, त्याचं प्रतिज्ञापत्र आणा."

आर्णीच्या तहसीलसमोर माझा एक जुना विद्यार्थी टपरीत टायपिंग करतो. त्याच्याकडे गेले. प्रतिज्ञापत्राला ओळखदार लागतो, म्हणजे ही बाई मला माहीत आहे असं सही करून सांगणारा माणूस. म्हणून भावाला बोलावलं. तो अजून तांड्यातच राहतो, सोयाबीन-तूर करतो.

"कायनं भाजलं, मॅडम?" टायपिस्टने विचारलं.

"चुलीवर." तोंडातून आपोआप निघालं.

त्याने टाइप केलं आणि वाचून दाखवलं. लहानपणी स्वयंपाक करताना अपघाताने. वरील मजकूर सत्य असून, खोटा आढळल्यास मी शिक्षेस पात्र राहीन. मग त्याने पेन पुढे केलं. मी ते याच बोटांत धरलं. माझ्या कानात माझ्याच पट्टीचा आवाज आला.

"खोड ते," मी म्हणाले. "लिही. अपघात नाही. मालकाने तव्यावर हात दाबला. त्याचं पूर्ण नाव लिही, बापाच्या नावासकट."

त्याचे हात थांबले. "मॅडम, त्यायच्या नातवाचा बोर्ड हाय समोर, पाहा ना. कायले उकरून राह्यल्या? तिकडच्या साहेबाले काय, चूल काय न तवा काय."

"मी तुला खोटं लिहायला शिकवलं?"

"नाई जी."

"मग लिही."

त्याने लिहिलं. भावाने कागद हातात घेतला, ओठ हलवत वाचला. आमच्यात मोठ्या बहिणीला बाई म्हणतात.

"बाई, पागल झाली का तू? माह्या वावराची वाट त्यायच्या धुऱ्यावरून जाते. उद्या त्यायनं काटे टाकले त गाडी कोठून नेऊ, तुह्या डोक्यावरून? तू त चालली इमानात. मले अठीच मरायचं हाय."

"तुला फक्त सही करायची आहे."

"नायकाचा शब्द हाय."

"नायक मेला."

"शब्द नाई मेला!"

आणि त्याने कागद टराटरा फाडला.

मी त्याच्या थोबाडीत मारली. भर तहसीलसमोर. मी सत्तरीला टेकलेली, तो पासष्टीचा. त्याची टोपी धुळीत पडली. ओठ दातावर आपटून रक्त आलं. मी दुसऱ्यांदा हात उगारला तेव्हा त्याने तो मनगटाला धरला, पिळला. अगदी तसाच. मालकाने तव्याच्या वर धरला होता तसाच. मग त्याची नजर बोटांवर गेली आणि त्याने हात सोडला.

"भाकर मी खाल्ली व्हती," तो म्हणाला.

"माहीत आहे मला."

"गोड लागली व्हती, बाई."

एवढंच. टोपी उचलली, झटकली नाही, तशीच डोक्यावर घातली. गाडीला किक मारली आणि गेला. सही केली नाही. मी हाक मारली नाही.

टायपिस्टने न सांगता कागद पुन्हा टाइप केला. मालकाचं नाव या वेळी ठळक. मी सही केली. ओळखदाराची जागा रिकामी राहिली. "मी करतो ना सही, मॅडम," तो म्हणाला. मी नाही म्हणाले. चूल तांड्याने लिहिली होती. तवाही तांड्यानेच लिहायचा.

पोरांनो, तो कागद फाइलमध्ये सतराव्या क्रमांकाला लावला आहे. आताच्या नायकाला निरोप धाडला आहे की परवा नसाब बोलाव. त्याने कारण विचारलं. मी सांगितलं, समोर सांगेन. याडी तोंड झाकून बसली होती तिथे मी जाऊन बसणार, आणि तिथून उठून उभी राहणार. पदर खांद्यावर, उजवा हात वर. माझ्या भावासमोर विचारणार, सही कोण करतो? कोणी नाही केली तर पुढच्या नसाबीत विचारणार. तेव्हाही नाही तर त्याच्या पुढच्या. मला खाली बसवायचं असेल तर त्यांना मला धरावं लागेल. याडीला गड्यांनी धरलं होतं. मला घरच्यांनीच धरलेलं दिसू दे सगळ्यांना.

तोवर व्हिसा थांबेल. थांबू दे. तुमच्या सुट्ट्या संपतील. संपू देत. चुलीवर भाजलेली आजी तुमच्याकडे येणार नाही. येईन ती तव्यावर दाबलेल्या चार बोटांची येईन. तुमच्या विमानतळावरच्या साहेबाने विचारलं, हे कोणी केलं, तर त्याच्या भाषेत त्याला नाव सांगेन.

ती भाषा मी त्याच पुस्तकावरून सुरू केली होती.