पाइपातली हवा

देवळीतल्या आमच्या घराच्या गच्चीवर सोलरची टाकी आहे. खाली आम्ही राहतो, वरच्या मजल्यावर धाकटा दीर, जाऊ आणि त्यांची पोरं. गरम पाणी दोन्ही घरांना त्याच टाकीतून. मागच्या हिवाळ्यात माझी लेक बाळंतपणाला आली आणि नातू झाला, तर नेमकं तेव्हाच आमच्या न्हाणीतल्या नळाला गरम पाणी येईनासं झालं. वर मात्र येत होतं.

"पायपात हवा धरली असन, ताई," जाऊ म्हणाली.

मला पटलं. पाइपात हवा अडकली की पाणी खाली उतरत नाही, हे सोलरवाल्या प्रत्येक घराला माहीत असतं. प्लंबर 'उद्या येतो'च्या पुढे सरकत नव्हता, म्हणून लेकीनं मोबाइलवर उपाय शोधला. नळाच्या तोंडावर तळहात घट्ट दाबायचा आणि थंड-गरम दोन्ही चाव्या सोडायच्या. थंड पाणी गरमच्या पाइपात उलटं चढतं आणि हवा गच्चीवरच्या उभ्या नळीतून निघून जाते. ती निघते की नाही, हे सांगायला कुणीतरी नळीपाशी हवं. माझे गुडघे जिन्याशी कधीचेच भांडून बसलेत, तेव्हा जाऊ वर उभी राहू लागली.

रोज सकाळी हाच कार्यक्रम. खाली मी, बाह्यांपर्यंत ओली, आणि वरून तिचा आवाज, "आली, ताई, आली. गुडगुड करून राह्यली."

एवढी हवा आमच्या पाइपात मावत कशी होती, देव जाणे. पाणी थंडच. मग गॅसवर पातेली चढवायची आणि ओली बाळंतीण शाल गुंडाळून वाट बघत बसायची. बाळाचं न्हाणं झालं की जाऊ खाली यायची, त्याला मांडीवर घ्यायची. "सर्दी नाई झाली पाह्यजे वं माझ्या राजाले," म्हणायची. मला भरून यायचं.

संकष्टीला दीर आणि जाऊ केळझरच्या गणपतीला गेले. त्याच दिवशी बाळ शिंकायला लागलं आणि मला राहवेना. गुडघ्यांना शिव्या घालत मी गच्ची गाठली. टाकीतून दोन पाइप निघतात, एक त्यांच्याकडे, एक आमच्याकडे. आमच्या पाइपावरच्या व्हॉल्व्हची लाल दांडी आडवी होती. बंद. चांगली आवळून बंद केलेली. सरळ करायला मला दोन्ही हात लावावे लागले. खाली येऊन नळ सोडला आणि थोड्याच वेळात बोटं पोळली.

मी तिथेच पाटावर बसून रडले. पाण्यासाठी नाही. खाली पाणी जास्त लागत होतं, तिच्या पोरांना कमी पडत असेल. तिनं नुसतं म्हटलं असतं तर मी स्वतः थंड पाण्यानं अंघोळ केली असती. पण पाणी तोडायचं आणि वर उभं राहून मला धीरही द्यायचा, याला केसानं गळा कापणं म्हणतात. हीच जाऊ नवी नवरी होती तेव्हा सासूबाईंच्या तोंडातून तिला वाचवताना मी किती बोलणी खाल्ली होती.

संध्याकाळी ती प्रसाद घेऊन आली. मी हात पुढे करून घेतला. दुसऱ्या सकाळी नेहमीसारखी हाक मारली, "जा वं वर, पाहू आज निघते का हवा."

ती चढून गेली. मी न्हाणीत हाताची घडी घालून उभी राहिले. दोन्ही चाव्या बंद, नळाला मी हातही लावला नव्हता.

"आली का वं?" मी विचारलं.

"आली, ताई, आली. आज त लय निघून राह्यली."

मी गरमची चावी सोडली. बादलीतून वाफ निघायला लागली, तशी लेकीला हाक मारली, "बाळाले घेऊन ये."

वरून ती अजून हवा मोजत होती.